सीनियर सिस्टर, पुन्हा शिकाऊ

जर्मनीतल्या नर्सच्या नोकरीतून दसऱ्याला घरी आल्यापासून मिरजेच्या नर्सिंगच्या मुलींचे फोन सुरू आहेत. कुणाला वहिनीकडून नंबर मिळालेला, कुणाला कॉलेजच्या जुन्या बॅचकडून. विचारतात दोनच गोष्टी: पगार किती आणि जर्मन अवघड जातं का. दोन्हींची उत्तरं देते. फोन ठेवल्यावर मात्र वाटत राहतं की खरी गोष्ट राहूनच गेली. तिकडे थंडी असते, घरची आठवण येते, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं आणि पोरी तेवढी मनाची तयारी करूनच निघतात. पण आयसीयूत रात्रपाळीची इन्चार्ज म्हणून वावरलेल्या बाईला तिकडे कितीतरी महिने स्वतःच्या जबाबदारीवर पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा देता येत नाही, याची तयारी कुणाची नसते.

मी मूळची खानापूर तालुक्यातली, लग्न होऊन तासगावकडे आले. आमच्या माहेरच्या भागात परमुलखात जाऊन राहण्याचं कुणाला अप्रूप नाही. दुष्काळी पट्टा. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला, देशभर पांगलेली. गावात मोठमोठे बंगले आणि त्यांना कुलपं. जत्रेला तेवढी उघडतात. माझे चुलतेही कोइमतूरला दुकान टाकून बसले आणि चुलती तिकडेच म्हातारी झाली. माझं जर्मनीचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी सल्ले दिले, व्हिडिओ पाठवले. चुलती फोनवर एवढंच म्हणाली, "रोज एकाच दुकानात जा. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. ती दुकानदारीण वळखाय लागली की गाव वळखाय लागतंय. आणि आपल्या माणसांत लगेच जाऊन बसू नगं, जीभ वळत न्हाई मग." चौथीपर्यंत शिकलेली ही बाई भाजीवालीशी तमिळमध्ये भांडते आणि जिंकते.

आधी कागदांचं सांगते, कारण निम्मं जर्मनी इथेच, सांगली-मिरजेच्या ऑफिसांत, पार पाडावं लागतं. माझं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, लग्नाआधीचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. आपल्याला यात काही खटकत नाही. तिकडे कागद तपासणाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या बायका दिसतात. मग विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद, आणि या सगळ्याचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर. प्रत्येक पानाला पैसे. लग्न ठरलेल्या मुलींना मी सरळ सांगते, बाहेर जायचा विचार असेल तर पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नका. कायद्याने ते बदलावंच लागतं असं काही नाही. सासूबाईंना हे पटलेलं नाही, तो भाग वेगळा.

नावाची गंमत तिकडे गेल्यावरही संपली नाही. पासपोर्टात माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव, मग आडनाव. जर्मन यंत्रणेच्या लेखी पहिली दोन्ही नावं माझीच. विम्याच्या कार्डावर तसं, ड्यूटीच्या तक्त्यावर तसं. वॉर्डातली एक सहकारी सुरुवातीला मला नवऱ्याच्याच नावाने हाक मारायची आणि मी ओ द्यायचे.

सगळ्यात किचकट काम तासांचं. तिकडच्या सरकारला नुसती मार्कलिस्ट पुरत नाही. कुठला विषय किती तास शिकलात, वॉर्डात किती तास, कुठल्या विभागात, हे कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी लागतं. आमच्या वेळची रजिस्टरं माळ्यावर. कॉलेजच्या क्लार्कमामांनी धुळीतून ती काढली, शिंकत शिंकत बेरजा करून दिल्या, आणि चहासुद्धा घेतला नाही. हे कागद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात स्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेझिडियुमकडे, म्हणजे तिथल्या विभागीय सरकारी कार्यालयाकडे, जातात. ते आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात आणि काय कमी आहे त्याचं पत्र पाठवतात. माझ्या पत्रात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा, पुनर्वसन आणि मरणपंथाला लागलेल्यांची काळजी यांचे तास कमी पडले होते. पत्र वाचून मला राग आला होता. कोविडच्या दोन लाटांत मिरजेत आम्ही काय काय पाहिलं होतं! पण रजिस्टरात 'पाहिलं' असा रकाना नसतो.

कमी भरून काढायचे दोन रस्ते असतात. एक, ठरावीक मुदतीचं प्रशिक्षण. दुसरा, ज्ञानाची परीक्षा: तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णांवर. मी परीक्षा निवडली. तोवर हॉस्पिटलमध्ये मदतनीस म्हणून काम आणि मदतनिसाचाच पगार.

भाषेचं म्हणाल तर बी-टू, म्हणजे सहा पायऱ्यांतली चौथी पातळी लागते. पहाटे उठून ऑनलाइन क्लास, मग ड्यूटी, मग लेकीचा अभ्यास, असं चाललं. परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात दिली. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. आपल्याला एका बाबतीत फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. जर्मनमध्ये २५ म्हणताना पाच आधी, वीस नंतर. केरळच्या आणि इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुली तिथे गोंधळतात. आपण पंचवीस, बत्तीस, सत्तेचाळीस लहानपणापासून तसेच म्हणतो. मराठीतून विचार केला की औषधाचे आकडे कधी उलटे होत नाहीत.

एजंटाबद्दल थोडक्यात. जर्मनीत नर्सच्या भरतीचा खर्च हॉस्पिटलने उचलायचा, नर्सकडून पैसे घ्यायचे नाहीत, या तत्त्वावर काम करणाऱ्या संस्थांना तिकडचं सरकारी गुणवत्ता चिन्ह मिळतं. ते आहे का, आधी बघा. मला सांगलीत एकाने 'फाइल चार्ज' म्हणून जी रक्कम सांगितली त्यात आमच्या द्राक्षबागेची वर्षाची औषधं आली असती. आणि करारात 'अमुक वर्षांआधी सोडलंत तर इतके युरो परत' असं काही लिहिलंय का, ते भाषांतर करून वाचल्याशिवाय सही नको.

२०२४ च्या जानेवारीत पोचले. स्टुटगार्टपासून लोकलने थोड्या अंतरावरचं छोटं शहर. नाव सांगत नाही, लहान जागेत सगळे सगळ्यांना ओळखतात. सुरुवातीला हॉस्पिटलच्या वसतिगृहात खोली मिळाली.

तिकडे पहिलं काम म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन करायची, घरमालकाचं लेखी पत्र घेऊन. बाकी सगळं या एका कागदावर उभं. बँकवाले हाच कागद मागतात. नोंदणी झाली की अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. तो नसेल तर पहिल्या पगारातून कर जबर कापला जातो. पोस्टावरून आठवलं: पत्रपेटीवर स्वतःच्या आडनावाची पट्टी लावा, त्याच दिवशी. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तिथे बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, तिकडे राहण्याच्या परवान्याची तारीख, सगळं कागदी पत्रानेच येतं. आपण व्हॉट्सॲपवर लग्नाची आमंत्रणं देणारी माणसं, आपल्याला हे खरंच वाटत नाही.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. माझ्याबरोबर मिरजेचीच एक मैत्रीण होती, ख्रिश्चन. मिरजेत वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं, त्या परिसरातल्या जुन्या कुटुंबातली. तिने सरळ 'प्रोटेस्टंट' लिहिलं. पगाराच्या चिठ्ठीवर चर्चचा कर आला, त्या राज्यात आयकराच्या आठ टक्के. मी हसले, ती हसली नाही. पण नाव काढून घ्यायलाही तयार झाली नाही. म्हणाली, माझ्या आजीने मिशनच्या पैशावर शिक्षण घेतलं, आता मी फेडते. रविवारी ती चर्चला जाते, तिथल्या म्हाताऱ्यांच्या कॉफीला थांबते, आणि तिचं जर्मन माझ्यापेक्षा आधी सुधारलं.

टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी प्रत्येक घराला भरावी लागते, महिन्याला १८ युरो ३६ सेंट. तीन वेळा पत्र आलं म्हणून घोटाळा समजून फेकू नका, खरं असतं ते.

आता वॉर्ड. मिरजेत पेशंटबरोबर नातेवाईक असतो, वॉर्डात मावशी असते, मामा असतो. अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं, ही कामं त्यांची. सिस्टर सलाइन लावते, इंजेक्शन देते, डॉक्टरांच्या राउंडला फाइल धरून उभी राहते. तिकडे नातेवाईक फुलं घेऊन दुपारी येतात आणि जातात. पेशंटला अंघोळ घालणं, दात घासून देणं, कुशीवर वळवणं, त्याने किती घास खाल्ले ते लिहिणं, हे सगळं नर्सचं काम, शिकलेल्या नर्सचंच. आणि शीर शोधून सुई लावणं, ज्यात माझा हात बसलेला, ते आमच्या वॉर्डात डॉक्टर करायचे. एक तरुण डॉक्टर एका आजींच्या हाताला तिसऱ्यांदा टोचत होता. मी ट्रे धरून उभी. शीर मला दिसत होती. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, स्वच्छ निळी. बोलायची सोय नव्हती, म्हणून मी आजींचा हात जरा खाली घेतला आणि गरम कापड ठेवलं. चौथ्यांदा गेली. डॉक्टर 'थँक यू' म्हणाला आणि माझ्या छातीवरची पाटी वाचली. तिच्यावर 'मदतनीस' लिहिलं होतं.

घरी फोनवर आत्याला, म्हणजे सासूबाईंना, मी सकाळी पेशंटना अंघोळ घालते म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "एवढं शिकून तिकडं मावशीचं काम करतीस व्हय गं?" मला उत्तर सुचलं नाही. पुढे सुचलं. अंग पुसताना पेशंटची सगळी कातडी डोळ्यांखालून जाते. टाच लाल झाली आहे का, माकडहाडाजवळ जखम सुरू होतेय का, श्वास लागतोय का, कालच्यापेक्षा आज हात उचलायला जड जातोय का, हे त्या पंधरा मिनिटांत कळतं. मिरजेत मला हे मावशी सांगायची, 'सिस्टर, त्यांच्या पाठीला बघा की जरा.' तिकडे मीच बघते. मावशींना आपण फार कमी पगार देतो, हे मला स्टुटगार्टजवळ बेडपॅन धुताना कळलं.

काही गोष्टी पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. आपल्याकडे चार्टवर 'आरआर' म्हणजे श्वासाचा वेग. तिकडे 'आरआर' म्हणजे रक्तदाब; रिव्हा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरच्या यंत्रावरून पडलेलं. ताप सेल्सिअसमध्ये, ३८.५ म्हटलं की आपले १०१.३. आणि दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. इन्सुलिनच्या बाबतीत ही शेवटची ओळ जिवावरची आहे.

बी-टूच्या परीक्षेत मला चांगले मार्क होते. पहिल्या सकाळी रात्रपाळीवाली पेशंट सोपवत होती तेव्हा मला पेशंटची नावंसुद्धा धड कळली नाहीत. कारण तो प्रदेश स्वाबियन लोकांचा, आणि म्हातारी माणसं स्वाबियनच बोलतात. पुस्तकातल्या जर्मनपेक्षा ते निम्मं वेगळं: शब्दांची शेपटं गिळलेली, प्रत्येक वस्तूला लाडाने 'ले' लावलेलं. मला आजोबा लोक 'मेडले' म्हणायचे, पोरी. इथे चुलतीचा सल्ला कामाला आला.

वसतिगृहाच्या कोपऱ्यावर एक तुर्की किराणा दुकान आहे. डाळ, तांदूळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. सुपरमार्केट स्वस्त पडतं, तरी मी रोज तिथेच जात राहिले. गल्ल्यावर साठीची बाई. तिचे वडील कामगार म्हणून आलेले. जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला, त्या काळातले. ती तिथेच वाढलेली, तिचं स्वाबियन अस्सल. सुरुवातीला नुसतं हसायची. मग एक दिवस मी तिला विचारलं, पेशंट असं असं म्हणतो, त्याला काय हवं असतं? ती गल्ल्यावरून उठली, पोट धरून दाखवलं: त्याला मळमळतंय. त्यानंतर मी रोज ड्यूटीवर ऐकलेले दोन-चार शब्द घेऊन जायचे आणि ती कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता अर्थ सांगायची. गिऱ्हाईकंही सामील व्हायची. तिकडच्या मराठी मंडळींत गणपतीला, दिवाळीला जाते मी, छान वाटतं; पण माझी जीभ वळली ती त्या दुकानात.

मसूर तिथेच सापडले. स्वाबियन लोकांचं घरोघरचं जेवण म्हणजे मसुरासारखी डाळ, त्यांच्या शेवयांसारख्या श्पेट्झलेवर, बाजूला सॉसेज. नव्या माणसाने वॉर्डात काहीतरी खायला आणायची तिकडे पद्धत आहे. बहुतेक जण केक आणतात. मी इस्लामपूरच्या ढाब्यावरचा अख्खा मसूर करून नेला, तिखट अर्ध्यावर आणून. आमची वॉर्डप्रमुख, कमी बोलणारी बाई, तिने दोनदा घेतला आणि विचारलं, यात व्हिनेगर घातलं नाहीस? त्यांच्यात डाळीला व्हिनेगर लागतं. मी लिंबू दिलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी जरा हळू बोलायला लागली, म्हणजे वेगाने हळू.

परीक्षा पुढच्या वर्षी झाली. तोंडी भाग पाऊण तास ते तासाभराचा. प्रात्यक्षिकात खरे पेशंट, खरी सकाळ. परीक्षक मागे वही घेऊन उभे. आधी शुश्रूषेची योजना लिहायची, मग तसं करून दाखवायचं, आणि का केलं ते सांगायचं. मला पक्षाघाताचे एक आजोबा आले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळतं. मी त्यांच्याशी स्वाबियनमध्ये बोलले. परीक्षकाने मान वर करून बघितलं. पास झाल्यावर पाटी बदलली, पगार बदलला, राहण्याच्या नव्या परवान्याचा अर्ज करता आला. पण मला कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. मॉर्फिनसारखी औषधं असतात त्या कपाटाची किल्ली प्रत्येक पाळीला एका नर्सकडे असते, दुसरीला दिली की सही. त्या दुपारी जाणाऱ्या सिस्टरने ती माझ्या हातावर ठेवली, रोजच्यासारखी, माझ्याकडे न बघता, कोट घालत घालत. मी खिशात ठेवली आणि दर अर्ध्या तासाने चाचपत राहिले.

घर शोधायला वेळ लागला. भाडं 'थंड' आणि 'गरम' असं दोन तऱ्हेने सांगतात. गरममध्ये हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं असतं. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा आपल्याला हक्क आहे. खूपदा घरात स्वयंपाकाचा ओटाही नसतो, दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात. मला सुदैवाने ओट्यासकट मिळालं, जुन्या इमारतीत. एका आठवड्यानंतर माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली. त्या आठवड्यात जिना झाडणं-पुसणं माझ्याकडे, अशी स्वाबियन पद्धत. झाडून झालं की पाटी शेजारच्या दाराला. खालच्या आजी दार किलकिलं करून बघत होत्या. मी आपली सवयीने दिवाळीचा सडा घातल्यासारखा वरपासून खालपर्यंत जिना धुऊन काढला, कठडे पुसले, बाहेरच्या पायरीसह. दुसऱ्या दिवशी आजींनी सफरचंदाचा केक आणून दिला. वर ताकीदही दिली: एवढं नको करत जाऊस, बाकीच्यांना भारी पडेल.

त्या आजींच्या भावाची द्राक्षबाग आहे. नेकार नदीच्या काठाने चढणीवर ओळीच्या ओळी, दगडी बांध घातलेल्या. मी सुट्टीच्या दिवशी तिथे गेले आणि नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. आमची बाग तासगावकडची, सोनाका जातीच्या द्राक्षांची. बहुतेक माल बेदाण्याला जातो. त्याने पंधरा मिनिटं त्या आजोबांना सोडलं नाही, मी मध्ये दुभाषी. तुमच्याकडे मांडव का नाही? छाटणी कधी? आजोबा म्हणाले, वर्षातून एकदा, हिवाळ्यात. नवरा अवाक. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. वेलीला झोपायला थंडीच मिळत नाही, म्हणून माणसाने दोनदा कापायची. मग गाडी डावणीवर, वेलीच्या त्या बुरशीच्या रोगावर आली. आजोबा म्हणाले, तांब्याचं औषध. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना हे नवऱ्याला सांगावं लागलं नाही, वास आल्यासारखा तो हसला. त्यानंतर तो मला पेशंटबद्दल कमी आणि आजोबांच्या बागेबद्दल जास्त विचारतो.

आता मुली विचारतात त्या पगाराचं. हातात येताना कर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी विमा, शुश्रूषा विमा असं सगळं कापून साधारण दोन तृतीयांश उरतो. उरलेल्याचा निम्मा घरभाड्याला गेला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. लोकल-बसचं देशभर चालणारं मासिक तिकीट मी गेले तेव्हा ४९ युरोला होतं, २०२५ च्या जानेवारीत ५८ झालं. इथलं बँक खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या पैशांसाठीचं, करून घ्या; तिकडून पैसे पाठवायला एनआरई वेगळं उघडा. जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. आणि तिकडे जबाबदारी विमा नावाचा स्वस्त विमा असतो, तो पहिल्याच महिन्यात घ्या. इमारतीची किल्ली हरवली तर सगळ्या दारांची कुलपं बदलायचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. किल्लीचा खर्च त्यात धरलाय का, ते मात्र विचारून घ्या.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध आणून ठेवा. बाकी फोडणीला खिडकी उघडायची की नाही वगैरे तुमचं तुम्हाला कळेल.

लेकीबद्दल मुली विचारत नाहीत, आया विचारतात. मी गेले तेव्हा ती बालवाडीत होती. हिवाळ्यात आपल्यात आणि तिकडच्यात साडेचार तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेतीन. सकाळपाळीहून मी घरी पोचून जेवेपर्यंत तिची झोपायची वेळ झालेली असायची. तिला फोनवर गप्पा नको असायच्या. फोन ताटासमोर उभा करून ती जेवायची आणि मी तिकडे जेवायचे, बोलायचं काही नाही. काही दिवस ती फोन उलटा ठेवायची. सासूबाई तो सुलटा करायच्या, ती परत उलटा करायची. याला काही उपाय मला सापडला नाही. सापडलाय असं सांगणारीवर मी विश्वास ठेवत नाही.

आता दोघांनी यायचं ठरतंय. माझ्या प्रकारच्या परवान्यावर नवऱ्याला आणायचं तर त्याला जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीची परीक्षा द्यावी लागते. लेकीला तिकडे सहाव्या वर्षी शाळा सक्तीची, ती तिची ती शिकेल. बाग धाकट्या दिरांकडे वाट्याने द्यायची, की नवऱ्याने छाटणीपुरतं येऊन-जाऊन करायचं, यावर घरात रोज रात्री बैठक बसते आणि रोज मोडते. सासूबाईंचा विषय वेगळाच: तूप. युरोपात बाहेरून दूध-तुपाचे पदार्थ, मांस नेता येत नाही, त्यामुळे ना तूप, ना साताऱ्याचे कंदी पेढे. बेदाणे चालतात, हळद चालते, भडंग चालतं. त्या म्हणतात, साडीत गुंडाळून दे, कोण बघतंय. मी नाही म्हटलं की त्या नवऱ्याकडे वळतात.

नवऱ्याची ए-वनची तारीख पुण्याची आली आहे, नेमकी फळछाटणीच्या आठवड्यात. मजूर आधीच ठरलेले. तो बागेत कानात हेडफोन घालून क्लासचं रेकॉर्डिंग ऐकतो आणि कामाला आलेल्या बायकांना जर्मनमध्ये नमस्कार करतो. त्यातली एक काल मला विचारत होती, ह्यांना काय झालंय.